जगदीशचंद्र बोस

आचार्य सर जगदीशचंद्र बोस (३० नोव्हेंबर १८५८ – २३ नोव्हेंबर १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि वनस्पतींच्या शरीरक्रियांचे अभ्यासक होते. अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे विद्युतचुंबकीय तरंग निर्माण करून त्यांच्यावर पद्धतशीर प्रयोग करणारे ते जगातील पहिल्या काही संशोधकांपैकी एक होत. कोलकात्यातील बोस संस्थेचे ते संस्थापक.

शालेय पाठ्यपुस्तकांतून बोस यांची ओळख बहुधा दोन गोष्टींसाठी होते : वनस्पतींना संवेदना असतात हे दाखवणारे प्रयोग आणि बिनतारी संदेशवहन. या दोहोंच्या मधल्या काळात, साधारणपणे १८९९ ते १९०१ या वर्षांत, त्यांनी गॅलेना या खनिजाच्या स्फटिकापासून एक संवेदक तयार केला. तो बिनतारी तरंगांप्रमाणेच प्रकाशालाही विद्युत प्रतिसाद देत असे. प्रकाश पडताच विद्युतप्रवाह बदलणारे स्फटिक हा आज इलेक्ट्रॉनिकीचा मोठा विषय आहे आणि त्यात पेरोव्स्काइट वर्गातील संकरित स्फटिकांची भर पडली आहे. त्या इतिहासाच्या आरंभी बोस यांचे हे काम येते. मराठीत त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, म्हणून येथे ते काहीशा विस्ताराने दिले आहे.

नावाविषयी

जुन्या मराठी ग्रंथांत त्यांचे आडनाव ‘बसू’ असेही छापलेले आढळते. बंगाली उच्चार ‘बोशू’च्या जवळ जातो. बोस-आइन्स्टाइन सांख्यिकीशी संबंधित असलेले सत्येंद्रनाथ बोस हे वेगळे. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्रांचे विद्यार्थी होते.

बालपण आणि शिक्षण

बोस यांचा जन्म तत्कालीन बंगाल प्रांतातील मैमनसिंह येथे झाला. घराण्याचे मूळ गाव ढाक्याजवळच्या विक्रमपूर परगण्यातील राडीखाल. हे दोन्ही भाग आता बांगलादेशात आहेत. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे अनुयायी आणि सरकारी सेवेतील दंडाधिकारी होते. आईचे नाव बामासुंदरी. भगवानचंद्रांनी शिक्षा दिलेला एक दरोडेखोर तुरुंगातून सुटल्यावर कामासाठी त्यांच्याकडेच आला. त्यांनी त्याला घरात नोकरीस ठेवले आणि लहान जगदीशला खांद्यावर बसवून शाळेत पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे दिले. त्याने सांगितलेल्या दरोड्यांच्या गोष्टी बोस यांच्या उतारवयापर्यंत स्मरणात होत्या.

सरकारी अधिकाऱ्यांची मुले त्या काळी इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी गावातील बंगाली शाळेत घातले. तेथे घरच्या मुसलमान चपराशाचा मुलगा आणि एका कोळ्याचा मुलगा हे त्याचे सोबती होते. नदीतील मासे, पाखरे आणि झाडाझुडपांची पहिली माहिती त्याला याच मुलांकडून मिळाली. पुढे कोलकात्यात हेअर स्कूल आणि सेंट झेवियर्स येथे शिक्षण झाले. सेंट झेवियर्स कॉलेजात फादर यूजीन लाफों हे जेझुइट प्राध्यापक प्रयोग करून दाखवत भौतिकी शिकवीत, आणि बोस यांना या विषयाची गोडी त्यांच्यामुळे लागली.

१८७९ मध्ये पदवी मिळाल्यावर सनदी सेवेची परीक्षा देण्याचा बोस यांचा विचार होता. वडिलांना तो मान्य नव्हता. चहाचे मळे व इतर स्वदेशी उद्योगांत पैसा घातल्याने ते कर्जबाजारी झाले होते. तरीही मुलाने इतरांवर अधिकार गाजवण्यापेक्षा विद्वान व्हावे, असे त्यांचे मत होते. १८८० मध्ये बोस वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले. आसामच्या प्रवासात जडलेला ताप वारंवार उलटत होता आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील उग्र वासाने तो अधिकच बळावे. अखेर वैद्यकशास्त्र सोडून त्यांनी केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञानाला प्रवेश घेतला. तेथील शिक्षकांपैकी लॉर्ड रॅले यांचा त्यांच्यावर कायमचा प्रभाव पडला. १८८४ मध्ये केंब्रिजची आणि लंडन विद्यापीठाची अशा दोन्ही पदव्या घेऊन ते भारतात परतले.

प्रेसिडेन्सी कॉलेज आणि वेतनाचा प्रश्न

१८८५ मध्ये बोस यांची कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकीचे प्राध्यापक म्हणून हंगामी नेमणूक झाली. शिक्षण खात्याच्या वरच्या श्रेणीत भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांना त्याच्याही निम्मे, म्हणजे युरोपीय सहकाऱ्याच्या एक तृतीयांश वेतन देऊ करण्यात आले. बोस यांनी काम पूर्णपणे केले आणि वेतन मात्र घेतले नाही. हा क्रम तीन वर्षे चालला. घरावर कर्ज असताना, आणि १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह झाल्यानंतरही, त्यांनी हा निर्णय बदलला नाही. शेवटी त्यांना कायम करण्यात आले व मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन एकरकमी देण्यात आले. ती रक्कम वडिलांचे कर्ज फेडण्यात गेली.

अबला बोस (१८६५–१९५१) यांनी मद्रास येथे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले होते. पुढे स्त्रीशिक्षण आणि विधवांचे शिक्षण या क्षेत्रांत त्यांनी स्वतंत्रपणे मोठे कार्य केले.

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. अध्यापनाचे तास भरपूर होते आणि संशोधन हे प्राध्यापकाचे काम आहे असे वरिष्ठांना वाटत नव्हते. १८९४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बोस यांनी पुढील आयुष्य संशोधनाला देण्याचे ठरवले. न्हाणीघरालगतची एक लहानशी खोली त्यांना मिळाली. उपकरणे त्यांनी एका स्थानिक पत्रेकाराला हाताशी धरून बनवून घेतली, आणि त्यांचा खर्च बराच काळ स्वतःच्या खिशातून केला.

मिलिमीटर तरंग

हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८७–८८ मध्ये विद्युतचुंबकीय तरंगांचे अस्तित्व सिद्ध केले होते. त्यांचे तरंग काही मीटर लांबीचे असत. इतक्या लांब तरंगांवर प्रकाशासारखे प्रयोग करायचे तर खोलीएवढी भिंगे आणि लोलक लागतात. बोस यांनी तरंगलांबीच कमी केली. सुमारे २५ मिलिमीटरपासून ५ मिलिमीटरपर्यंतचे तरंग निर्माण करणारे त्यांचे उपकरण एका पेटीत मावत असे. परावर्तन, अपवर्तन, ध्रुवण असे प्रकाशाचे सर्व गुणधर्म या अदृश्य किरणांत आहेत, हे त्यामुळे मेजावर मांडून दाखवता आले.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून निघालेले तरंग भिंती भेदून सुमारे ७५ फूट अंतरावर पोहोचले. तेथे त्यांनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. लोकांच्या लक्षात राहिला तो हा प्रयोग. अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम त्याच वर्षी मे महिन्यात एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालपुढे वाचलेल्या निबंधात होते. दुहेरी अपवर्तन करणाऱ्या स्फटिकांमधून हे तरंग गेले असता त्यांचे ध्रुवण कसे होते, हा त्याचा विषय. नेमालाइट या तंतुमय खनिजाची विद्युतसंवाहकता एका दिशेने जास्त व दुसऱ्या दिशेने कमी असते, आणि तरंगांचे शोषणही त्याच दिशांप्रमाणे बदलते, हे त्यांनी दाखवले. स्फटिकाची अंतर्गत रचना आणि त्याचा विद्युत प्रतिसाद यांचा संबंध शोधण्याची ही दृष्टी त्यांच्या पुढील कामातही टिकून राहिली. साधनांविषयी ते अडून बसत नसत. पानांमध्ये कथिलाचे वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक त्यांनी ध्रुवक म्हणून वापरले, आणि ध्रुवण-प्रतल फिरवणाऱ्या पदार्थांची प्रतिकृती म्हणून तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या.

१८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. त्याच वर्षी लिव्हरपूल येथे ब्रिटिश असोसिएशनपुढे आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्रात्यक्षिकांसह व्याख्याने झाली.

कोहिअररपासून स्फटिकापर्यंत

तरंग निर्माण करण्यापेक्षा ते ओळखणे त्या काळी अवघड होते. सर्वत्र वापरात असलेले साधन म्हणजे कोहिअरर : काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस. तरंग येताच किसाचा विद्युतरोध एकदम घटतो आणि विद्युतमापकाचा काटा हलतो. परंतु तरंग थांबला तरी रोध पूर्ववत होत नाही. नळीला टिचकी मारून कीस हलवावा लागतो. शिवाय बंगालच्या उष्ण व दमट हवेत हा कीस लवकर निकामी होई. बोस यांनी किसाच्या जागी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा वापरून पाहिल्या. त्यानंतर त्यांनी एकामागून एक अनेक पदार्थांचे स्पर्शबिंदू तपासले. काही पदार्थांचा रोध तरंग पडल्यावर कमी होतो, तर पोटॅशियमसारख्या काहींचा वाढतो, असे त्यांना आढळले. काही पदार्थ तर टिचकीशिवाय आपोआप मूळ स्थितीवर येत. असा स्वतःहून सावरणारा लोह-पारा कोहिअरर त्यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला.

या शोधयात्रेत ते गॅलेनापाशी पोहोचले. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग, शिशाचे मुख्य खनिज. त्याचे स्फटिक करड्या रंगाचे, धातूसारखे चकचकीत असतात व ठोकल्यास लहान लहान घनांत फुटतात. डोळ्यांत घालायच्या सुरम्यात याच खनिजाची पूड पूर्वापार वापरली जात आली आहे. कृत्रिम डोळ्यासाठी बोस यांना तेच खनिज उपयोगी पडावे, हा योगायोग म्हणावा लागेल. फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये गॅलेना व तत्सम सल्फाइड स्फटिकांतून विद्युतप्रवाह एका दिशेने सहज आणि उलट दिशेने कष्टाने वाहतो असे नोंदवले होते. प्रकाशात सेलेनियमचा रोध घटतो हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले होते. बोस यांनी एकाच स्फटिकाच्या टोकदार स्पर्शबिंदूवर बिनतारी तरंग आणि प्रकाश हे दोन्ही टाकून पाहिले.

उपकरणाची रचना साधी होती. गॅलेनाच्या तुकड्याला दुसरे टोक हलकेच टेकवायचे, स्क्रूने दाब कमीजास्त करायचा, आणि या जोडाला बॅटरी व संवेदनशील विद्युतमापक जोडायचा. जोडावर तरंग पडताच प्रवाह वाढे, आणि तरंग थांबताच तो पुन्हा खाली येई. हर्ट्‌झचे तरंग, दृश्य प्रकाश आणि दृश्य प्रकाशाच्या पलीकडील किरण या सर्वांना हा स्फटिक प्रतिसाद देतो असे दिसल्यावर बोस यांनी त्याला तेजाचे मापन करणारा या अर्थाने ‘तेजोमीटर’ असे संस्कृत-इंग्रजी मिश्र नाव दिले. मानवी डोळा तरंगांच्या विस्तृत पट्ट्यातील एक छोटासा भाग पाहतो. हे कृत्रिम नेत्रपटल त्याच्या दोन्ही बाजूंचेही पाहू शकते, अशी त्यांची मांडणी होती.

स्पर्शबिंदूवरचा विभव आणि प्रवाह यांचे आलेखही त्यांनी काढले. ते सरळ रेषेत येत नाहीत, म्हणजे ओमचा नियम येथे लागू पडत नाही, हे त्यांतून स्पष्ट होते. असे वक्र आलेख आज डायोड शिकणारा प्रत्येक विद्यार्थी काढतो.

या सर्वांचे कारण बोस यांना सापडले नाही, आणि ते सापडणे त्या वेळी शक्यही नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांचा सिद्धान्त ॲलन विल्सन यांनी अर्धसंवाहकांना लावला तो १९३१ मध्ये. त्यानुसार, पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण स्फटिकातील बद्ध इलेक्ट्रॉनाला मुक्त करतो आणि त्यामुळे प्रवाह वाढतो. यासाठी गॅलेनात फार थोडी ऊर्जा लागते. म्हणूनच दृश्य प्रकाशाच्या बऱ्याच पलीकडचा, सुमारे ३ मायक्रोमीटर लांबीपर्यंतचा अवरक्त प्रकाशही त्याला जाणवतो. बोस यांचे स्पष्टीकरण वेगळे होते. किरणांमुळे पदार्थाच्या रेणूंवर ताण पडतो, किरण थांबले की ताण ओसरतो आणि वारंवार ताण दिल्यास पदार्थ थकतो, असे ते मानीत. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. निरीक्षणे मात्र टिकली.

पेटंट

१९०० ते १९०२ या काळात बोस युरोपात होते. १९०१ मध्ये लंडनमधील व्याख्यानाच्या सुमारास एका मोठ्या तारयंत्र कंपनीचे मालक त्यांच्याकडे आले आणि शोध जाहीर करण्याआधी पेटंट घ्या, नफ्यात भागीदारी करू, असे त्यांनी सुचवले. बोस यांनी नकार दिला. ज्ञानावर खाजगी मालकी असू नये असे त्यांचे मत होते आणि एकदा पैशाच्या मागे लागलो तर सुटका नाही, अशी धास्तीही त्यांना वाटत होती. मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना त्यांनी हा प्रसंग पत्राने कळवला. रवींद्रनाथ या काळात त्यांच्यासाठी त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य यांच्याकडून आर्थिक साहाय्य मिळवून देत होते.

त्यांच्या निकटवर्तीयांना हा नकार पटला नाही. नॉर्वेचे व्हायोलिनवादक ओले बुल यांच्या पत्नी सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला. अखेर ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी विद्युत क्षोभांच्या संवेदकाचे अमेरिकी पेटंट क्रमांक ७५५८४० बोस यांना मिळाले. त्यातील अर्धा हिस्सा सारा बुल यांच्या नावे होता. अर्धसंवाहक साधनासाठी दिले गेलेले जगातील पहिले पेटंट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. बोस यांनी त्यापासून कधीही उत्पन्न घेतले नाही आणि त्याची मुदत तशीच संपली.

त्याच दशकात अमेरिकेत कार्बोरंडम आणि सिलिकॉनच्या स्फटिकांचे संवेदक निघाले (१९०६). गॅलेनाच्या खड्याला बारीक तार टेकवलेले स्वस्त रेडिओ १९२० च्या दशकात घरोघरी पोहोचले. १९३० च्या दशकात जर्मनीत शिसे सल्फाइडच्या प्रकाशसंवाहकतेवर काम सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यापासून उष्ण वस्तूंचा माग काढणारे अवरक्त संवेदक बनले. या सर्वांना बोस यांच्या पेटंटमधून प्रेरणा मिळाली असे म्हणण्यास आधार नाही. ते बहुतांशी स्वतंत्रपणे घडले. बोस यांनी पेटंटचा व्यावसायिक पाठपुरावा केला असता किंवा हाताखाली भौतिकीचे विद्यार्थी तयार करून हे काम पुढे नेले असते तर चित्र वेगळे दिसले असते का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांना आजही पडतो.

रेडिओचा जनक कोण, या वादातही बोस यांचे नाव घेतले जाते. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपार संदेश ग्रहण केला तेव्हा वापरलेले पाऱ्याचे ग्राहकयंत्र बोस यांच्या १८९९ च्या निबंधावर आधारलेले होते, असे प्रतिपादन १९९८ मध्ये अभियंते प्रबीर बंदोपाध्याय यांनी केले. ते सर्वमान्य झालेले नाही. बोस यांनी स्वतः दूरसंदेशाचा व्यवसाय केला नाही आणि संदेशवहन हा त्यांच्या प्रयोगांचा मुख्य हेतूही नव्हता. त्यामुळे त्यांना रेडिओचे एकमेव जनक ठरवणारी विधाने जपूनच वाचावीत.

सजीव आणि निर्जीव

गॅलेनाचा व इतर संवेदकांचा एक विशेष बोस यांच्या मनात घर करून राहिला. सतत उद्दीपन दिल्यास त्यांचा प्रतिसाद मंदावे आणि विश्रांतीनंतर तो पुन्हा सुधारे. स्नायूंच्या थकव्याचे आलेख आणि स्फटिकांचे आलेख शेजारी ठेवले असता ते एकसारखे दिसत. १९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय भौतिकी परिषदेत त्यांनी हे साम्य मांडले. १० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले.

जूनमध्ये हाच विषय रॉयल सोसायटीपुढे आला तेव्हा ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन सँडरसन यांनी हरकत घेतली. भौतिकीतज्ज्ञाने आपले क्षेत्र सोडून येऊ नये, निदान निबंधाच्या शीर्षकातील प्रतिसादासारखा शरीरक्रियाशास्त्राचा शब्द बदलावा, असा त्यांचा सूर होता. बोस यांनी बदल करण्यास नकार दिला. निबंध छापला गेला नाही. तो सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. पुढील वर्षी लिनियन सोसायटीने त्यांचे संशोधन प्रसिद्ध केले. १९०२ मध्येच सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादावरचा त्यांचा ग्रंथही निघाला.

यानंतर बोस भौतिकीकडे परतले नाहीत. वनस्पतींची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र, लाजाळूच्या पानांतील विद्युत संदेशांचे मोजमाप, विष व भूल यांचा वनस्पतींवरील परिणाम हे त्यांचे उर्वरित आयुष्याचे विषय झाले. वनस्पतींत विद्युत संकेत वाहतात हा त्यांचा निष्कर्ष आज स्वीकारला गेला आहे. वनस्पतींना माणसासारखी मज्जासंस्था असते, हे त्यांचे म्हणणे त्याच स्वरूपात मान्य झालेले नाही.

बंगाली साहित्यातही त्यांचे स्थान आहे. केसांच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमवल्याची त्यांची १८९६ मधील कथा बंगालीतील आरंभीच्या विज्ञानकथांमध्ये गणली जाते.

बोस संस्था

१९१५ मध्ये बोस प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले, १९१७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली. त्यासाठी त्यांनी आयुष्यभराची बचत दिली. बंगालबाहेरून आलेल्या देणग्यांमध्ये मुंबईचे एस. आर. बोमनजी आणि मुळराज खटाव या दोघांच्या देणग्या ठळक होत्या. येथे लागलेल्या शोधांवर पेटंट घेतले जाणार नाही, हे धोरण बोस यांनी उद्घाटनाच्या भाषणातच जाहीर केले. सारा बुल यांच्या आग्रहाने घेतलेल्या पेटंटला तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

१९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांच्याआधी हा मान मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया (१८४१) आणि गणिती श्रीनिवास रामानुजन (१९१८) यांना मिळाला होता. १९२७ मध्ये बोस यांचे भौतिकीवरील निबंध एका खंडात एकत्रित प्रसिद्ध झाले आणि गॅलेनावरील काम नव्या पिढीला वाचायला मिळाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. ऐंशीव्या वर्षात पदार्पण करण्यास एक आठवडा उरला होता.

उशिरा झालेली दखल

१९५५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जेराल्ड पिअर्सन आणि ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेले वॉल्टर ब्रॅटन यांनी अर्धसंवाहक संशोधनाचा इतिहास लिहिला. बिनतारी तरंग ओळखण्यासाठी अर्धसंवाहक स्फटिक वापरण्याचे श्रेय त्यांनी त्यात बोस यांना दिले. नोबेल विजेते नेव्हिल मॉट यांच्या मते बोस आपल्या काळाच्या किमान साठ वर्षे पुढे होते. रोध कमी करणारे आणि वाढवणारे असे पदार्थांचे जे दोन वर्ग बोस यांनी पाडले, त्यांत मॉट यांना धन व ऋण प्रकारच्या अर्धसंवाहकांची चाहूल दिसली. अमेरिकेतील किट पीक येथील १२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी १.३ मिलिमीटर तरंगांचे ग्राहकयंत्र बनवताना बोस यांच्या १८९७ च्या निबंधांतील कल्पना वापरल्या गेल्या. विद्युत व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातील मिलिमीटर तरंगांच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्प्याचा दर्जा दिला.

आजचे प्रकाशसंवेदी स्फटिक

पेरोव्स्काइट हे मूळचे उरल पर्वतात सापडलेले खनिज. गुस्टाव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले व रशियन खनिजप्रेमी लेव्ह पेरोव्स्की यांचे नाव त्याला दिले. त्याच धर्तीची अणुरचना असलेल्या सर्व स्फटिकांना आता हे नाव लावतात. या रचनेत कार्बनयुक्त धनभारित गट, शिशासारखा धातू आणि आयोडीन किंवा ब्रोमीन एकत्र आले की त्याला संकरित पेरोव्स्काइट म्हणतात. असे स्फटिक डीटर वेबर यांनी १९७८ मध्ये बनवले. जपानमधील त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये ते सौर घटात वापरल्यानंतर त्यांच्याकडे जगाचे लक्ष गेले. द्रावणातून कमी तापमानाला तयार होत असल्याने ते स्वस्त पडतात, आणि दृश्य प्रकाश व क्ष-किरण ओळखणाऱ्या संवेदकांसाठी त्यांच्यावर अनेक देशांत काम चालू आहे. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० पासून प्रकाशविद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. तेथे सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिलेल्या सौर घटांवर संशोधन होते.

बोस यांना या पदार्थांची कल्पना असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी नोंदवलेल्या काही अडचणी अभ्यासकांना ओळखीच्या वाटतील. गॅलेनाप्रमाणे यांतील बहुतेक स्फटिकांतही शिसे आहे, आणि त्याची विषारिता हा मोठा प्रश्न आहे. संकरित पेरोव्स्काइट ओलाव्याने विघटित होतात, त्यामुळे कोकणपट्टीसारख्या दमट हवेत त्यांना हवाबंद आवरणाशिवाय ठेवता येत नाही. प्रकाशाखाली बराच वेळ ठेवल्यास त्यांतील आयन जागा बदलतात आणि प्रतिसाद हळूहळू बदलत जातो. अंधार, प्रकाश, पुन्हा अंधार अशा क्रमाने प्रवाहाचा चढउतार दाखवणारे आलेख आजच्या शोधनिबंधांत असतात, तसेच बोस यांच्या निबंधांतही आहेत. प्रतिसादाच्या या मंदावण्यालाच ते स्फटिकाचा थकवा म्हणत.

बोस यांनी बनवलेली मूळ उपकरणे कोलकात्यातील बोस संस्थेच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत.